येर्बा माते आणि उरुग्वे नदीकाठची सात गावे

पाराग्वे, अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग येथील घराघरांत सकाळी चुलीवर पाणी चढते ते मातेसाठी. मराठी कानाला हा शब्द आईला घातलेल्या हाकेसारखा वाटेल, पण तसा काही संबंध नाही. केचुआ भाषेतील 'माती' म्हणजे भोपळा वाळवून केलेले भांडे, आपला तुंबा. आपल्याकडील दुधी भोपळा आणि मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा ज्या वेलवर्गातले, त्याच वर्गातले हे फळ. भांड्याचे नाव पुढे पेयालाच चिकटले.

गंमत अशी की केचुआ ही अँडीज पर्वतातली भाषा, आणि ज्या झाडाचा हा पाला ते झाड तिकडे उगवतच नाही. 'येर्बा' हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ पाला किंवा गवत. वास्तविक हा चांगला उंच वाढणारा सदाहरित वृक्ष आहे. ज्या ग्वारानी लोकांनी तो जंगलात ओळखला आणि त्याची पाने प्रथम उपयोगात आणली, ते त्याला 'काआ' म्हणतात. जगाच्या बाजारात जे नाव चालते, त्यात मात्र ग्वारानीचा एकही शब्द उरलेला नाही. या पेयाच्या इतिहासाकडे आमचे लक्ष वेधले ते यामुळे.

घरी माते करण्याची रीत साधी असली, तरी तिच्यात घाई चालत नाही. पाने तोडल्यावर लगेच जाळावरून फिरवतात, मग वाळवून कुटतात. हा कुटलेला पाला तुंब्यात साधारण दोन तृतीयांश भरावा. तुंब्याच्या तोंडावर तळहात ठेवून तो उलटा हलवला की बारीक भुकटी वर येते आणि नळीत अडकत नाही. मग तुंबा तिरपा धरून पाला एका बाजूस सारावा, मोकळ्या जागेत थोडे कोमट पाणी घालून तो फुगू द्यावा, आणि 'बोंबिया' म्हणजे तळाशी गाळणी असलेली धातूची नळी त्या ओल्या जागी रोवावी. एकदा रोवलेली नळी पुन्हा ढवळायची नाही. त्यानंतर गरम पाणी घालावे; पण ते उकळते नको, ७० ते ८० अंशांपर्यंतचे पुरे. उकळत्या पाण्याने पाला करपतो, पहिला घोट कडूजहर होतो आणि पुढच्यांना चव राहत नाही.

बैठकीत पाणी ओतणारा एकच असतो. पहिला तुंबा तो स्वतः संपवतो, मग पुन्हा भरून एकेकाला देतो. ज्याच्या हाती आला त्याने तो पूर्ण रिकामा करून परत द्यायचा. 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, हा शब्द प्रत्येक वेळी म्हणायचा नसतो. तो म्हटला की 'मला आता पुरे' असा अर्थ होतो आणि पुढच्या फेरीत तुमची पाळी येत नाही. पाराग्वेच्या उन्हाळ्यात हाच पाला वनौषधी कुटून घातलेल्या थंडगार पाण्यात पितात. त्याला 'तेरेरे' म्हणतात. त्या परंपरेची नोंद युनेस्कोने २०२० साली मानवी वारशाच्या यादीत केली.

सतराव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश राज्यपाल एर्नांदारियास याने हे व्यसन ठरवून त्यावर बंदी घातली. ती टिकली नाही. जेझुइट पाद्रीही प्रथम विरोधातच होते. पुढे त्यांच्याच ग्वारानी वसाहतींचा संसार या पाल्याच्या व्यापारावर चालू लागला. या झाडाचे बी सहजी उगवत नाही. ते रुजवण्याची युक्ती या वसाहतींना साधली आणि गावांलगत येर्बाच्या बागा उभ्या राहिल्या. पाद्री आंतोनियो रुइझ दे मोंतोया याचा ग्वारानी शब्दकोश १६३९ साली आणि व्याकरण १६४० साली माद्रिदला छापले गेले. गोव्याच्या वाचकांना हे साल ओळखीचे वाटेल. मराठीत क्रिस्तपुराण रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सचे कोकणी व्याकरण, त्याच्या निधनानंतर, १६४० सालीच रायतूरला छापले गेले. दोन्हीकडे हेतू धर्मप्रसाराचाच होता, पण तिकडे ग्वारानी ही गावकारभाराची लिखित भाषाही झाली. त्याचे महत्त्व शंभर वर्षांनी कळले.

१३ जानेवारी १७५० रोजी स्पेन आणि पोर्तुगाल यांनी माद्रिदमध्ये तह केला. त्या तहाने उरुग्वे नदीच्या पूर्वेकडील सात ग्वारानी गावे पोर्तुगालच्या हद्दीत गेली. रहिवाशांनी जंगम माल घेऊन नदीपलीकडे निघून जावे आणि जमीन व घरे सोडावीत, असे कलमच होते. त्यांना विचारले कोणीच नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ज्यांची गावे त्यांना न विचारता दुसऱ्या राज्यात गेली, त्या आमच्या वाचकांना अधिक सांगणे नलगे. फरक एवढाच की आपल्याला निदान घर सोडावे लागले नाही.

१७५३ साली या गावांच्या प्रमुखांनी ब्युनोस आयर्सच्या राज्यपालाला पत्रे लिहिली, आणि ती ग्वारानीत लिहिली. राजा असे करील यावर आमचा विश्वास बसत नाही, ही भूमी आम्हाला देवाने दिली, चर्च आम्ही बांधले, येर्बाच्या आणि कापसाच्या लागवडी आमच्या हातच्या आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. तहाच्या मसुद्यात जंगम आणि स्थावर एवढाच भेद होता. येर्बाचे झाड पहिल्या तोडीला येण्यासाठी काही वर्षे जपावे लागते आणि ते गाडीत घालून नेता येत नाही, हे नकाशावर रेघ ओढणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? पत्रांचा उपयोग झाला नाही. १० फेब्रुवारी १७५६ रोजी काइबोआते येथे दोन्ही राजांच्या संयुक्त फौजेने सुमारे १५०० ग्वारानी मारले. पुढे १७६१ साली दोन्ही राजांनी तो तहच रद्द केला! गावे परत मिळाली, पण माणसे आणि बागा पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. १८०१ साली पोर्तुगीजांनी ती कायमची घेतली.

दरम्यान १७६७ साली स्पेनने जेझुइटांना हाकलले, बागा ओस पडल्या आणि बी रुजवण्याची विद्याही मागे पडली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बाँप्लाँ याने जुन्या वसाहतींच्या वादग्रस्त भूमीत येर्बाची लागवड आरंभली, तेव्हा पाराग्वेचा हुकूमशहा फ्रान्सिया याच्या सैनिकांनी १८२१ साली नदी ओलांडून त्याला धरून नेले आणि नऊ वर्षांहून अधिक काळ देश सोडू दिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाला मुख्यत्वे जंगलातूनच येई. तो तोडणाऱ्या मजुरांना उचल देऊन कर्जात बांधत. रफाएल बारेत याने १९०८ साली असुन्सियोनच्या वृत्तपत्रात लेख लिहून ही गुलामी उघडी केली. या मजुरांचे नाव 'मेन्सू'. महिनेवारी मजूर या अर्थाच्या स्पॅनिश 'मेन्सुआल'चे शेपूट ग्वारानी तोंडात तुटले आणि हा शब्द झाला.

१८६४ ते १८७० च्या युद्धात पाराग्वेने सैनिकांसाठी ग्वारानीत वृत्तपत्रे काढली. पराभवानंतर नव्या सरकारने त्याच भाषेला शाळांत बंदी केली. शाळेबाहेर, तुंब्याभोवतीच्या बैठकीत, ती चालूच राहिली. १९९२ च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केले, आणि २००४ साली सीमेपलीकडे अर्जेंटिनाच्या कोरियेन्तेस प्रांतानेही तिला अधिकृत दर्जा दिला.

ती सात गावे आज ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात आहेत. साँव मिगेलच्या पडक्या चर्चभोवती राहणारे लोक पोर्तुगीज बोलतात आणि मातेला 'शिमाराँव' म्हणतात. तुंब्याला मात्र ते 'कुइया' म्हणतात. हा शब्द तुपीचा, म्हणजे ग्वारानीच्या सख्ख्या बहिणीचा आहे.