बंबवाल्यांचं मिशन स्टेटमेंट

मागच्या शुक्रवारी ऑफिसात टीमचं मिशन स्टेटमेंट लिहायची कार्यशाळा झाली. चार तास, सोळा माणसं, शंभरेक रंगीत चिठ्ठ्या. शेवटी जे वाक्य निघालं ते एखाद्या बँकेला, साबणाच्या कंपनीला किंवा मंगल कार्यालयालाही खुशाल चाललं असतं. वैतागून विरार लोकल पकडली. मीरा रोडला उतरून घरी येताना आगीचा बंब घंटा वाजवत शेजारून गेला आणि मनात आलं, ह्यांचं मिशन स्टेटमेंट काय असेल हो?

शनिवार त्यातच गेला. मुंबई अग्निशमन दलाच्या ब्रीदात तीन शब्द आहेत: शौर्य, आत्मसंयमन, त्याग. वाचून छाती फुगते. पण जिन्यात धूर भरलाय, तेव्हा आधी काय करायचं हे त्यातून कळत नाही. (ब्रीदाचं ते काम नाहीच म्हणा.) ते कळतं एका रुक्ष सरकारी वाक्यातून. मुंबईत आगी विझवण्याचं काम आधी पोलिसांच्या गळ्यात होतं. मग १८८८ च्या कायद्यानं ते महापालिकेचं कर्तव्य ठरवलं: अग्निशमन दल ठेवणं, आणि आग लागल्यास जीवित व मालमत्तेचं रक्षण करणं. नीट बघा, यात 'आग विझवा' असं म्हटलेलंच नाही! आणि जीवित आधी, मालमत्ता नंतर. आमच्या मीरा-भाईंदरची १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महापालिका झाली, तिच्याही कर्तव्यांचा अर्थ हाच.

हा क्रम किती महत्त्वाचा, ते १४ एप्रिल १९४४ ला दिसलं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या! दुपारी धूर दिसला. धोकादायक माल असल्याचा लाल बावटा जहाजावर नव्हता. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. जहाज बुडवायचं की ओढून समुद्रात न्यायचं? कप्तान, गोदीचे अधिकारी, अग्निशमन दलाचे प्रमुख, लष्कराचा अधिकारी, प्रत्येकाचं मत होतं, पण सगळ्यांना हुकूम देईल असा एक माणूस नव्हता. गोदी रिकामी झाली नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. म्हणूनच १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन.

आज एसीत बसून बोलणं सोपं आहे, मान्य. पण मला वाटतं, त्या दुपारी शौर्य तसूभरही कमी पडलं नाही. कमी पडलं ते वाक्य, जे म्हणतं 'जहाज राहू दे, आधी माणसं हलवा', आणि ते म्हणायचा अधिकार कुणाचा हे ठरलेलं असणं.

आणि 'जीवित' म्हणजे कुणाचं? बंबावरच्या माणसाचं त्यात धरतो का आपण? मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली. रहिवासी बाहेर निघाले, इमारत कोसळली. त्या आगीनं प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. हे वाचल्यावर थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो.

राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानं निम्मी जबाबदारी आपल्याच दारात आणून ठेवलीय. इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवणं हे मालक आणि रहिवाशांचं काम, आणि तसं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. आमच्या सोसायटीत ते प्रमाणपत्र फायलीत व्यवस्थित आहे. फक्त जिन्यात तीन सायकली, एक जुनं कपाट आणि चौथ्या मजल्यावर एक चपलांचा रॅक आहे. रॅक माझा.

रविवारी सकाळी तो घरात घेतला. आता हॉलचं दार पूर्ण उघडत नाही, आई चिडलेय. समोरच्या काकूंनी विचारलं, "काय रे, घर सोडतोयस की काय?"

कपाट त्यांचं आहे. अजून बोललो नाहीये.