एबीसीडी २

रेमो डिसूझा दिग्दर्शित हिंदी नृत्यपट. प्रदर्शन १९ जून २०१५. निर्मिती वॉल्ट डिस्ने व यूटीव्ही, संगीत सचिन-जिगर. प्रमुख भूमिकांत वरुण धवन, श्रद्धा कपूर व प्रभुदेवा. सोबत धर्मेश येलांडे, पुनीत पाठक, राघव जुयाल, सुशांत पुजारी आणि लॉरेन गॉटलीब ही नाचणारी मंडळी. 'एबीसीडी : एनी बडी कॅन डान्स' (२०१३) या चित्रपटाचा पुढचा भाग म्हणून तो आला, पण कथानक वेगळं होतं. वसई-नालासोपाऱ्याच्या मुलांचा 'फिक्टिशियस' हा नृत्यसंघ आणि तो घडवणारे सुरेश मुकुंद व व्हर्नन मोंतेरो यांच्या वाटचालीवर चित्रपट बेतलेला आहे.

हा पट्टा एकेकाळच्या अखंड ठाणे जिल्ह्याचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला आणि वसई तालुका तिकडे गेला. शेजारची भिवंडी ठाण्यातच राहिली. तरी वसई-दिवा मार्गावरची गाडी जूचंद्र, कामण, खारबाव घेत भिवंडी रोडला येतेच. मुंबईचं भाडं न परवडणारी कुटुंबं उत्तरेला नालासोपारा-विरारकडे सरकली, यंत्रमागाच्या कामासाठी आलेली भिवंडीत स्थिरावली. चित्रपटातल्या संघाला मात्र 'मुंबई स्टनर्स' असं नाव दिलं आहे. उपनगरापलीकडच्या गावांचं कर्तृत्व मुंबईच्या खात्यावर जमा होणं हे तसं नेहमीचंच.

कथा एका आरोपाने सुरू होते. टीव्हीवरच्या स्पर्धेत स्टनर्सनी परदेशी संघाचा नाच जसाच्या तसा उचलल्याचं उघड होतं, त्यांच्यावर 'चोर' असा शिक्का बसतो. संघाचा म्होरक्या सुरू (वरुण धवन) बारमध्ये नोकरी करतो. तिथेच त्याला विष्णू (प्रभुदेवा) भेटतो आणि तो या मुलांना घेऊन लास वेगासच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेची तयारी करतो. वेगास ही पटकथाकाराची कल्पना नव्हे. खरा 'फिक्टिशियस' संघ २०१२ मध्ये त्या स्पर्धेत उतरला होता आणि आठवा आला होता.

नकलेचा हा मुद्दा चित्रपटाला खोल नेता आला असता. क्लासची फी न परवडणाऱ्या मुलांचा गुरू आधी टीव्ही होता, मग यूट्यूब. व्हिडिओ थांबवायचा, मागे न्यायचा, डावा पाय कुठे पडतो ते पाहायचं आणि पुन्हा सुरू करायचा. अशा रियाजात शिकणं कुठे संपतं आणि उचलेगिरी कुठे सुरू होते, हे त्या वयात सांगणार कोण? पटकथा या प्रश्नाला हात घालते आणि लगेच सोडून देते. पुढे प्रेमप्रकरण, निवडफेऱ्या, वेगासचे दिवे आणि तिरंगी रंगांतलं 'वंदे मातरम'. गंमत अशी की चित्रपटाचा साचाही उसनाच आहे. हरलेला संघ, पडलेला गुरू आणि मोठी स्पर्धा ही जुळणी 'स्टेप अप' मालिकेने आधीच जगभर पोहोचवली होती, त्रिमितीसकट.

उत्तरार्धात गोष्ट विस्कटते, संवाद बाळबोध आहेत. नाच सुरू झाला की मात्र तक्रारीला जागा उरत नाही. 'हॅपी अवर'मध्ये प्रभुदेवा एकटा नाचतो, तेव्हा भोवतीची तरुण मंडळी काही काळ प्रेक्षकच होतात. 'सुन साथिया', 'बेज़ुबान फिर से' आणि 'हे गणराया' ही गाणी चित्रपटाबाहेर जास्त जगली. भारतात चित्रपटाने शंभर कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. केवळ नाचावर उभ्या असलेल्या चित्रपटाला एवढा गल्ला मिळेल, अशी अपेक्षा फारशी कोणी केली नसेल.

मराठी प्रेक्षकाला नृत्यपट नवा नव्हता. 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. 'पिंजरा'ने (१९७२) शाळामास्तरला तमाशाच्या फडावर आणलं. त्या परंपरेत मध्यभागी नाचणारी बाई असे, पुरुष समोर बसून पाहणार किंवा ढोलकी वाजवणार. पुरुष नाचला की त्याला काय सोसावं लागतं, हे 'नटरंग'ने (२०१०) गुणा कागलकरच्या रूपाने दाखवलं. 'एबीसीडी'च्या दोन्ही चित्रपटांत पोरगे घोळक्याने नाचतात आणि त्यांच्या मर्दानगीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. या बदलाचं श्रेय एकट्या रेमोला देता येणार नाही. १९९६ पासूनची 'बूगी वूगी' आणि २००९ पासूनची 'डान्स इंडिया डान्स' या कार्यक्रमांनी जमीन तयार केली होती. धर्मेश, पुनीत, राघव ही सगळी त्याच मांडवाखालून आलेली. दुसऱ्या भागापाठोपाठ, जुलै २०१५ मध्ये, स्टार प्लसवर 'डान्स प्लस' सुरू झालं. तिथे रेमो मुख्य परीक्षक, तर धर्मेश पहिल्या पर्वापासून आणि पुनीत दुसऱ्या पर्वापासून मार्गदर्शक. पडद्यावरचे शिष्य टीव्हीवर गुरू झाले.

या शैलीचा कणा म्हणजे उचल आणि झेल. खालची मुलं एकमेकांच्या मनगटांवर पकड घेऊन हातांचा चौक बांधतात. हलक्या अंगाचा मुलगा त्यावर पाय देतो, गुडघे वाकवतो, आणि तालाच्या ठरलेल्या ठोक्याला सगळे मिळून त्याला वर फेकतात. तो हवेत कोलांटी घेत असताना झेलणारे हात पसरून तयार राहतात. ठोका अर्ध्या मात्रेने चुकला तरी मान किंवा मणका धोक्यात. दहीहंडीचे थर लावणाऱ्या वस्त्यांमध्ये खांद्यावर भार पेलण्याची आणि खालच्यावर भरवसा ठेवण्याची सवय आधीपासूनची. हिपहॉपला ती आयतीच मिळाली.

पहिल्या भागाचा जीव गणपतीत होता, दुसऱ्यातही 'हे गणराया' आहेच. त्यामुळे ही गाणी शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत शिरायला वेळ लागला नाही. चार-पाच गाण्यांचे तुकडे जोडून केलेलं 'मिक्स', सारखे टी-शर्ट, शेवटी तिरंगा आणि मनोरा हा ग्रुप डान्सचा ठरीव नमुना झाला. भिवंडी तालुक्यातल्या आगरी हळदीत बेंजोच्या तालावर हात उंचावून नाचायची रीत जुनी आहे. तिच्यात हिपहॉपचा झटका मिसळायला अडचण कसली? नकलेच्या आरोपाने सुरू होणाऱ्या या चित्रपटाची पुढे गल्लोगल्ली नक्कल झाली, आणि तिला चोरी म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

खऱ्या संघाची मोठी बक्षिसं चित्रपटानंतरची आहेत. 'फिक्टिशियस'मधूनच पुढे आलेल्या, सुरेश मुकुंद यांच्या 'किंग्ज युनायटेड'ने २०१५ मध्येच सॅन डिएगोच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेत कांस्यपदक घेतलं. मे २०१९ मध्ये 'द किंग्ज' या नावाने चौदा जणांनी अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' स्पर्धा जिंकली. परीक्षकांत जेनिफर लोपेझ होती, बक्षीस दहा लाख डॉलरचं. फेब्रुवारी २०२० मध्ये याच मुंबईबाहेरच्या पट्ट्यातल्या 'व्ही अनबीटेबल'ने 'अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स' जिंकलं. सरावात जखमी होऊन गेलेल्या साथीदाराच्या आठवणीसाठी त्यांनी नावात 'व्ही' घेतला आहे.

रेमोचा 'एबीसीडी २'नंतरचा नृत्यपट 'स्ट्रीट डान्सर थ्रीडी' २४ जानेवारी २०२० रोजी आला. वरुण-श्रद्धाची जोडी तीच, पण 'एबीसीडी' हे नाव गेलं होतं आणि कथा लंडनमधल्या भारतीय व पाकिस्तानी मुलांची होती. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, 'वर्ल्ड ऑफ डान्स'मधल्या नृत्यरचनांसाठी सुरेश मुकुंद यांना एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं.