फेसाळ नद्या आणि जिवाणूंचा हक्क

मैलापाण्याच्या शुद्धीकरणातील जिवाणूंचे सामर्थ्य निर्विवाद सिद्ध झाले ते मँचेस्टर येथे. १९१४ साली आर्डर्न व लॉकेट या रसायनज्ञांनी दाखवून दिले की, हवा खेळवल्यावर तळाशी बसणारा तपकिरी गाळ फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरला, तर ज्या कार्यास आरंभी सुमारे पाच आठवडे लागत, ते एका दिवसाच्या आत उरकते. कारण त्या गाळात जिवाणूंची अख्खी वसाहत नांदत असते.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. चरबीवाचून, पेट्रोलियमपासून बनणारी धुण्याची पूड कठीण पाण्यातही भरपूर फेस देई, म्हणून ती घरोघर मान्य झाली. परंतु त्याच पुडीपायी इंग्लंडातील शुद्धीकरण केंद्रांच्या टाक्यांवर पांढऱ्या फेसाचे ढीग चढू लागले, आणि वारा सुटला की त्याचे पुंजके उडून आसपास पसरू लागले. ब्रिटिश सरकारने १९५३ साली या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली व १९५६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला.

दोष जिवाणूंचा नव्हता. त्या पुडीतील फेस आणणाऱ्या रसायनाच्या रेणूत एका वलयाला कार्बन-अणूंची एक लांब शेपटी जोडलेली असते. जिवाणू तिच्या टोकापासून आरंभ करून दोन-दोन कार्बन तोडीत पुढे सरकतो आणि अखेरीस मूळ वलयही फोडतो. त्या काळच्या स्वस्त रसायनाची शेपटी मात्र बाभळीच्या फांदीसारखी जागोजाग फुटलेली होती, आणि प्रत्येक फाट्याशी जिवाणूचे काम अडत असे.

तेव्हा उपाय उरला तो रेणूच सरळ करण्याचा. १९५८ पासून ल्यूटन परिसरात नव्या पुडीचा प्रयोग झाला. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा करून, निदान ८० टक्के विघटन न होणाऱ्या अपमार्जकांस ऑक्टोबर १९६४ पासून मनाई केली. अमेरिकेतील कारखानदारांनी १९६५ च्या मध्यापर्यंत स्वखुशीने हा बदल अंमलात आणला. निसर्गाला आपल्या सोयीने वाकवण्याची सवय जडलेल्या उद्योगाने जिवाणूच्या सोयीने आपले उत्पादन बदलावे, ही घटना माझ्या मते त्या शतकाच्या रसायनोद्योगातील अत्यंत गौरवास्पद घटनांपैकी एक होय.

मात्र सरळ शेपटीचा रेणूही प्राणवायूवाचून जवळजवळ तसाच राहतो. आळंदीस इंद्रायणीवर अलीकडे वारंवार दिसणारा फेस पाहून कोणाही वारकऱ्याचा जीव कळवळावा. तेथे रासायनिक सांडपाण्याबरोबर हवा खेळवण्याच्या प्रक्रियेविना सोडलेले घरगुती मैलापाणीही मिसळते. जिवाणू आपले काम करण्यास आजही सिद्ध आहेत. त्यांना टाकी, हवा आणि काही तासांची सवड मिळवून देण्याची तजवीज नदीकाठच्या प्रत्येक गावाने आपल्या कारभाऱ्यांकडून करवून घ्यावी.