बडोद्याची लेक आणि तिच्या तिघी मुली

सयाजीराव महाराजांनी 1904 मध्ये बडोदा राज्यात बालविवाहाला बंदी घालणारा कायदा केला, 1906 मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. चिमणाबाई महाराणींचं हिंदी स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक 1911 मध्ये निघालं. आणि त्याच वर्षी त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, इंदिराराजेंनी, ठरलेलं लग्न मोडलं!

नवरदेव होते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. वयाने पंधराएक वर्षांनी मोठे, आणि पहिली राणी हयात. मराठा राजघराण्यांच्या हिशेबात याहून तोलामोलाचं स्थळ नव्हतं. पण डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात इंदिराराजेंची गाठ कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी पडली. ते केशवचंद्र सेनांचे नातू, म्हणजे ब्राह्मो, बंगाली वळणाचे, शिवाय धाकटे राजपुत्र. इंदिराराजेंनी परस्पर शिंद्यांनाच पत्र लिहून नकार कळवला. ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा कुठे बडोद्यात आईवडिलांना पत्ता लागला.

वेळ तर अगदीच वाईट. त्याच दरबारात बादशहाला पाठ दाखवली म्हणून इंग्रज सरकार सयाजीरावांवर खार खाऊन होतं. त्यात घरची ही नाचक्की. दीडएक वर्ष समजावणं, दटावणं, पहारा, सगळं झालं. मुलगी बधली नाही. शेवटी ऑगस्ट 1913 मध्ये लंडनला ब्राह्मो पद्धतीने लग्न लागलं. आईवडील गेले नाहीत. माधवरावांनी पुढे गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजेंशी लग्न केलं.

लग्नानंतर काही दिवसांतच थोरले दीर वारले आणि जितेंद्र महाराज झाले. पण 1922 मध्ये तेही गेले. तिशीतच विधवा झालेल्या इंदिराराजेंनी मुलाच्या वतीने कूचबिहारचा कारभार सांभाळला.

आता गंमत बघा. तिघी मुलींपैकी थोरल्या इलादेवींनी त्रिपुराच्या राजघराण्यातल्या तरुणाशी घरात न सांगता नोंदणी लग्न केलं. आईच चिडली! मधल्या गायत्रीदेवींचं मन जयपूरच्या मानसिंहांवर बसलं. त्यांच्या दोन राण्या आधीच होत्या. सवतीवर जायला नकार देणाऱ्या आईची मुलगी तिसरी राणी व्हायला निघाली, तेव्हा इंदिराराजेंनी थांबायला लावलं; पण 1940 मध्ये लग्न झालंच. धाकट्या मेनकादेवी देवास धाकटी पातीच्या पवारांकडे गेल्या. म्हणजे आईने मोडलेली माळव्याची मराठी सोयरीक एका मुलीकडून पुन्हा जुळली.

सगळं गोड झालं असं नाही. इलादेवी 1945 मध्ये तरुणपणीच गेल्या. गायत्रीदेवींच्या वाट्याला जयपूरचा पडदा आला. पुढे त्यांनीच तिथे मुलींची शाळा काढली.

मला यातून एवढंच दिसतं, की कायदा करणं सयाजीरावांना जमलं, पण स्वतःच्या मुलीची निवड पचवणं जड गेलं. आणि तीच पाळी इंदिराराजेंवर आली, आई म्हणून. सुधारणा दरबारात लवकर येते, माजघरात पोचायला तिला एक पिढी जास्त लागते.