शरीराचें अस्तर

हाताच्या पाठीवरील कातडी चिमटींत धरून उचलली, तर ती सहज वर येते आणि सोडतांच जागच्या जागीं बसते. कातडी व तिच्या खालचा भाग यांना सैलपणें जोडणारें एक पांढुरकें, लवचिक अस्तर मध्यें असतें. शास्त्रांत त्यास संयोजक ऊति म्हणतात. शवच्छेद करणाऱ्यांना हवें असे तें आंतलें इंद्रिय. त्यावरचें हें अस्तर ते खरवडून टाकीत.

त्याला प्रतिष्ठा दिली ती झाव्हिए बिशा या फ्रेंच वैद्यानें. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयांत तो शवांचे भाग भिजवी, वाळवी, शिजवी, आम्लांत बुडवी. अशा परीक्षेनें त्यानें १८०१ सालच्या ग्रंथांत २१ प्रकारच्या ऊति वर्णिल्या. त्यानें वापरलेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ विणलेलें कापड. ‘ऊति’ हा संस्कृत शब्दही विणण्याच्याच अर्थाचा. परंतु सूक्ष्मदर्शकास बिशानें हात लावला नाहीं. त्यांतून ज्याला त्याला आपापल्या परीचें दिसतें, असें त्याचें मत होतें. १८०२ सालीं, अवघ्या ३० वर्षांच्या वयांत, तो वारला.

त्याची शंका अनाठायीं नव्हती. १८२३ सालीं मिल्न-एडवर्ड्स यानें सर्व ऊति सारख्याच आकाराच्या गोलकांच्या बनल्या आहेत, असें जाहीर केलें. ते गोलक शरीरांत नव्हतेच. सदोष भिंगांनीं निर्माण केलेला तो भास होता. लंडनचा मद्यव्यापारी जोसेफ जॅक्सन लिस्टर यानें फावल्या वेळांत भिंगें सुधारलीं. त्यांतून त्यानें व डॉ. हॉजकिन यांनीं पुन्हा पाहिलें, आणि १८२७ सालीं गोलकांची कल्पना खोडून काढली. आतां दिसूं लागले ते तंतू: कांहीं जाड, नागमोडी जुडग्यांचे, कांहीं बारीक, फांट्या फुटलेले व ताणले जाणारे.

तरीही तंतूंमधील पेशींचें कार्य गूढच राहिलें. लाइप्झिग येथें १८७८ सालीं पाउल एर्लिक या तरुण विद्यार्थ्यानें कापडाचे कृत्रिम रंग या ऊतीवर वापरले. कांहीं पेशींतील कण जांभळे उठून दिसले. त्या पेशी खाऊन पुष्ट झाल्या असाव्यात असें समजून त्यानें त्यांना ‘मास्ट’ पेशी हें नांव दिलें. समज चुकीचा ठरला; पेशी मात्र खऱ्या होत्या. १९३७ सालीं स्वीडनमध्यें त्यांत रक्त गोठूं न देणारें हेपरिन, आणि १९५३ सालीं ब्रिटनमध्यें सूज व खाज आणणारें हिस्टमीन सांपडलें.

खरवडून टाकलेल्या अस्तरांत शरीराचे पहारेकरी वस्तीला होते. त्यांना ओळखण्यास बिशाचा संशय जितका उपयोगी पडला, तितकेंच लिस्टरचें भिंगही.