फुर्का खिंडींतील एक सकाळ

आर्थर कॉनन डॉइल यांचें नांव निघालें कीं शेरलॉक होम्स डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु बर्फावरून घसरत जाण्याचा स्कीचा खेळ स्वित्झर्लंडांत आणिला तो याच गृहस्थांनीं, अशीही त्यांची एक कीर्ति आहे. हें विधान फार तर अर्धें खरें आहे. आणि उरलेलें अर्धें श्रेय कोणाचें, हें पाहावयाचें तर २३ मार्च १८९४ ची सकाळ जरा बारकाईनें पाहिली पाहिजे.

डॉइल दावोसला हौसेनें गेले नव्हते. १८९३ सालीं त्यांच्या पत्नी लुईझा यांस क्षयरोग जडला, आणि आतां कांहीं महिन्यांचीच सोबत उरली, असें वैद्यांचें मत पडलें. सुमारें ५,१०० फूट उंचीवरील दावोस हें अशा रोग्यांचें आशास्थान. त्याच हिंवाळ्यांत, डिसेंबर १८९३ मध्यें, होम्सचा रायशेनबाखच्या धबधब्यांत अंत झाल्याची कथा प्रसिद्ध होऊन वाचक खवळले होते. घरांत दुखणें आणि बाहेर हा रोष. अशा स्थितींत चौतीस वर्षांच्या त्या धिप्पाड पुरुषाचें लक्ष लांकडाच्या दोन पट्ट्यांकडे गेलें. आठ फूट लांब, चार इंच रुंद, पुढचीं टोकें वर वळलेलीं आणि मध्यें पाय अडकविण्यास चामड्याचे पट्टे. नॉर्वेंत पिढ्यान् पिढ्या वापरांत असलेलें हें हिंवाळ्यांतलें पादत्राण दावोसला मात्र नवलाईचें होतें.

नवलाईचें, पण अगदींच अपरिचित नव्हे. तेथील टोबियास ब्रांगर हा खोगिरें करणारा कारागीर आणि त्याचा भाऊ योहान्नेस यांनीं या पट्ट्यांचा नाद आधींच धरिला होता. लोक हंसतील म्हणून हे दोघे अंधार पडल्यावर सराव करीत, असें सांगतात. १८९३ सालींच त्यांनीं मायनफेल्डर फुर्का ही सुमारें ८,००० फूट उंचीची खिंड ओलांडून पलीकडचें आरोझा गांठलें होतें. त्याच वर्षाच्या जानेवारींत ग्लारुसच्या क्रिस्टोफ इझेलिन यानेंही सोबत्यांसह प्रागेलची खिंड स्कीवरून पार केली होती. डॉइल यांनीं वाट शोधली नाहीं. वाट ठाऊक असलेल्यांच्या मागून ते निघाले.

प्रथम याकोब्सहॉर्न हें जवळचें शिखर चढून तिघांनीं सराव केला. मग त्या मार्चच्या दिवशीं पहांटे साडेचारला चांदण्यांत ते निघाले. पहिला चढ स्की खांद्यावर टाकूनच चढावा लागला, कारण बर्फ तुटक तुटक होतें व मधून वाळलेलें गवत डोकावत होतें. सलग बर्फ लागल्यावर पट्टे बांधून नागमोडी चढण सुरू झाली. पुढें एका तिरप्या उतारावरून जावयाचें होतें, आणि त्याच्या तळाशीं कडा तुटलेला होता. तेथें दोघे ब्रांगर बंधु मुद्दाम डॉइल यांच्या खालच्या अंगानें चालले. पाहुणा घसरलाच तर अडविण्यासाठीं. साऱ्या हकीकतींत ध्यानांत ठेवावी अशी ही गोष्ट, पण ती सांगणारे थोडेच.

खिंडीच्या माथ्यावर एका हातास दावोसकडील शिखरें आणि दुसऱ्या हातास आरोझाचें खोरें. मग उतार. अति उभ्या जागीं टोबियासनें स्की एकत्र बांधून त्यांचीच घसरगाडी केली. डॉइल यांच्या स्की मात्र त्यांस मागें ठेवून एकट्याच खालीं निघून गेल्या, आणि मालकांस बसल्या जागेवरून घसरत यावें लागलें. हॅरिस ट्वीड कधीं झिजत नाहीं, अशी ग्वाही त्यांच्या शिंप्यानें दिली होती. ती या उतारावर पार खोटी ठरली, असें त्यांनींच पुढें थट्टेनें लिहिलें आहे. साडेअकरास तिघे आरोझांत पोंचले. एक वाजण्यापूर्वीं ते येत नाहींत, असा हिशेब करून जे गांवकरी उतार पाहावयास बाहेर पडले, त्या सुमारास प्रवासी हॉटेलांत जेवण आटोपीत होते. तेथील नोंदवहींत टोबियासनें डॉइल यांच्या नांवापुढें आपल्या वळणानें 'श्पोर्टेसमान' असा शब्द लिहिला. लेखक नव्हे, वैद्य नव्हे, खेळाडू! त्या शब्दाचा डॉइल यांस मोठा अभिमान वाटला.

डिसेंबर १८९४ च्या 'स्ट्रँड' मासिकांत त्यांनीं ही हकीकत लिहिली, आणि एक दिवस शेकडों इंग्रज स्कीसाठीं येथें येतील, असें भाकीत केलें. तें खरें ठरलें. लेख ज्याच्या नांवावर, त्याच्याकडे श्रेय गेलें. इतिहासांत असें नेहमींच घडतें, आणि त्यांत डॉइल यांचा दोष नाहीं, कारण ब्रांगर बंधूंची नांवें त्यांनीं मोकळ्या मनानें लिहिलीं आहेत. ज्यांनीं तीं वाचून सोडून दिलीं, ते मात्र दोषी. लुईझाबाई महिन्यांची मुदत ओलांडून १९०६ पर्यंत जगल्या. आणि ज्या याकोब्सहॉर्नवर तिघे पायपीट करीत चढले, त्याच्याच पायथ्याच्या बोल्गेन उतारावर १९३४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीं माणसांस ओढून वर नेणारी तारेची यंत्रगाडी सुरू झाली; तेव्हांपासून त्या उतारावर चढण्याचें काम कोणास उरलें नाहीं.