भंगारात देण्याआधी अँटेना मोजा

2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत डिजिटल प्रक्षेपण जाहीर केलं. त्यात आपलं इंदूरही होतं. आसपासच्या खेड्यांतून मला विचारणा व्हायची: नवा बॉक्स लावला, चित्र का नाही? पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. डिजिटलमध्ये चित्र तुटतं आणि एकदम गायबच होतं.

मी आधी वायरीचा सांधा बघतो, मग वायर जोडलेली दांडी मोजतो. 150 ला मेगाहर्ट्झने भागलं की साधारण लांबी मीटरमध्ये येते: 200 ला पाऊण मीटर, 500 ला 30 सेंटीमीटर. दांडी लांब निघाली तर अँटेना जुन्या व्हीएचएफचा. यूएचएफवरच्या डिजिटलला तो पुरत नाही.

पण काढण्याआधी लांबी आणि दिशा लिहून ठेवा. ते घर कुठलं केंद्र बघायचं, याचा छपरावरचा पुरावा तेवढाच आहे.